आप्पांची तिसरी घंटा

बसड्रायव्हरला शेवटच्या स्टॉपवर प्रवाशांनी हलवून उठवावं, यापेक्षा मोठी नाचक्की आमच्या धंद्यात नाही. माझी झाली. गाडी वळवून उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि सुटायला जरा अवकाश आहे म्हणून स्टेअरिंगवर हात ठेवून त्यावर डोकं टेकलं. पुढचं मला आठवत नाही. नवे प्रवासी चढले, बसले, वाट पाहून कंटाळले. शेवटी पहिल्या सीटवरच्या शाळेतल्या बाईंनी माझ्या खांद्याला हात लावला आणि पहिलीतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं, "उठा हं, शेवटचा स्टॉप आला." मागे अख्खी गाडी हसली.

हसण्यावारी गेलं असतं तर बरं होतं, पण बातमी माझ्या आधी डेपोत पोचली. मॅनेजर म्हणाले, "चालत्या गाडीत डोळा लागला असता तर?" मी म्हटलं, "छे हो साहेब, मी हँडब्रेक लावूनच झोपते." हे उत्तर त्यांना देऊ नये, हे मला त्यांचा चेहरा बघून कळलं.

त्यांनी मला डेपोच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. तिथली परीक्षा अगदी साधी. पडदे ओढलेली खोली, मऊ खुर्ची, डोक्याला चिकटवलेल्या वायरी. भरदिवसा त्या खुर्चीत बसायचं आणि झोपायचं नाही. गाणं म्हणायचं नाही, स्वतःला चिमटे काढायचे नाहीत. यापुढेही एक नियम होता म्हणे, पण तो सांगून होईस्तोवर मी घोरायला लागले होते.

"महिन्याभराने परत या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेव्हाही झोपलात तर गाडी बंद. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसावं लागेल."

त्या खिडकीमागे दिवसभर छत्र्या, डबे आणि एका पायातले बूट सांभाळत बसायचं. मला गाडी चालवायला आवडते, आणि हे सांगताना मी लाजत नाही. ते एवढं थोरलं धूड अरुंद वळणावरून कुठेही न घासता बाहेर काढलं की मला माझाच मुका घ्यावासा वाटतो. ते सोडून मी छत्र्या मोजू?

"घरी झोपता कधी?" त्यांनी विचारलं.

"मी पडते लवकर."

"आणि झोप?"

"ती घरच्यांची वाट बघते."

त्यांना ते बरोब्बर कळलं. "मग एकट्या तुम्हाला औषध देऊन भागायचं नाही," त्या म्हणाल्या. "अख्ख्या घरालाच झोपवा."

आता आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि चार जागे लोक. नवरा घड्याळं दुरुस्त करतो. गावातल्या प्रत्येक घड्याळाला त्याने वेळेवर आणलंय, स्वतः मात्र कधी वेळेवर अंथरुणाला पाठ टेकली नाही. पडल्यापडल्या मोबाइलवर दुसऱ्या देशांतली घड्याळं उघडून बघत बसायचा. लेकीला आम्ही चिमणी म्हणतो. चिमण्या दिवस मावळताच झोपतात, ही एवढी एक गोष्ट सोडली तर नाव चपखल आहे. तिच्या मैत्रिणींची सगळी दुःखं दिवा मालवल्यावरच सुरू होत. आणि सासरे, आमचे आप्पा, टीव्हीसमोर शेवटचा चहा घेत. त्यानंतर आणखी एक शेवटचा चहा असे.

मी आल्या आल्या सगळ्यांना बसवलं आणि झाला प्रकार सांगितला. सांगता सांगता रडू आलं, ते दाबलं नाही. चिमणीने मोबाइल चक्क पालथा ठेवला. आप्पा उठले, आतल्या कपाटातून पितळी घंटा घेऊन आले आणि म्हणाले, "सूनबाई, हे काम माझ्याकडे लागलं."

आप्पांनी सगळी नोकरी नाट्यगृहात काढली. नाटक सुरू होण्याआधी तीन घंटा देणं हे त्यांचं काम. पहिलीला लोकांनी चहा संपवायचा, दुसरीला खुर्च्या शोधायच्या आणि तिसरीला पडदा वर. पुढे विजेची घंटा आली तेव्हा ही पितळी त्यांना निरोपादाखल मिळाली होती.

"पण एक आत्ताच सांगून ठेवतो," त्यांनी घंटा शर्टाला पुसत बजावलं. "पहिली दिली की दुसरी, आणि दुसरी दिली की तिसरी द्यावीच लागते. मध्ये छप्पर कोसळलं तरी. मी आजवर प्रयोग अर्धवट सोडलेला नाही."

त्याच संध्याकाळी प्रयोग सुरू झाला. पहिली घंटा: टीव्ही बंद, चहा बंद, सगळे मोबाइल पत्र्याच्या डब्यात आणि डबा स्वयंपाकघरात. दुसरी घंटा: मोठे दिवे घालवायचे, आणि जे भांडण चाललं असेल ते जिथे असेल तिथे थांबवून सकाळी पुढे चालू करायचं. तिसरी घंटा: अंधार. त्यानंतर प्रवेश बंद. आप्पा दारात उभे राहून भारदस्त आवाजात घोषणाही करत, "रसिकांना विनंती आहे, प्रयोग चालू असताना कुजबुज करू नये!"

पहिल्या रात्री त्या घोषणेलाच आम्हाला हसू फुटलं. एक थांबला की दुसरा सुरू. उशा तोंडात कोंबल्या तरी हसू आवरेना. चिमणी म्हणाली, "आप्पा, मध्यंतर कधी?" की पुन्हा सगळे खिदळले.

पुढचे दिवस सोपे नव्हते. नवऱ्याला हातात मोबाइल नसताना हातांचं काय करावं ते सुचेना, तो अंधारात माझ्या मनगटाची नाडी मोजत बसला. चिमणीने डब्यात टीव्हीचा रिमोट टाकून मोबाइल उशीखाली लपवला आणि सकाळी आप्पांनी रिमोट रिमोट करत घर डोक्यावर घेतलं तेव्हा पकडली गेली. खुद्द आप्पा एकदा पहिल्या घंटेनंतर मोरीत उभे राहून चहा पिताना सापडले. "मी कलाकार नाही, मी व्यवस्थापन आहे," असं म्हणून बघितलं, पण चिमणीने कपच ओतून टाकला.

सगळ्यात मोठं बंड झालं सुट्टीच्या दिवशी. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, सुट्टी असो नसो, उठायची वेळ एकच, आणि उठल्याबरोबर उन्हात जायचं. बंड मोडलं आणि आम्ही चौघं पारोशा तोंडाने रस्त्यावर उभे. शेजारच्यांना वाटलं भूकंप झाला. ते पण बाहेर आले.

मग हळूहळू जमत गेलं. कधी जमलं ते सांगता येणार नाही, कारण जमलं तेव्हा आम्ही झोपेत होतो. पहिलीला जांभया यायच्या, दुसरीला पापण्या जड व्हायच्या, आणि तिसरी वाजायचा अवकाश, सगळे डाराडूर. एकदा नवरा चिमणीला "उद्या तुला" एवढं म्हणाला आणि उरलेलं वाक्य सकाळी चहाच्या वेळी पूर्ण केलं. घरातली भांडणंही आटली, कारण सकाळी ती पुढे चालू करायचं कुणाच्या लक्षातच राहीना. आणि माझी गाडी! रोजचाच रस्ता, पण वाटेत बदामाचं झाड आहे हे मला इतक्या वर्षांनी कळलं. सिग्नलला मी शीळ घालायला लागले.

परीक्षेच्या दिवशी अख्खं कुटुंब सोबत आलं. "एकटी जाते," म्हटलं तर नवऱ्याने दुकान बंद करून पाटीच लावली. आप्पांच्या काखेत पिशवी होती. तिच्यात काय, ते परीक्षेच्या धास्तीत विचारायचं मला सुचलं नाही.

पुन्हा तीच खोली, तीच मऊ खुर्ची, त्याच वायरी. डॉक्टरीणबाई काचेपलीकडे यंत्रापाशी बसल्या. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मनातल्या मनात माझी गाडी डेपोतून काढली, बदामाच्या झाडावरून नेली, वळणावर सांभाळली. बराच वेळ गेला. डोळे टक्क उघडे होते. जमतंय, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात बाहेर घंटा झाली.

ती घंटा मी लाखांत ओळखली असती. बाहेर काय झालं ते नंतर कळलं. बाकावर बसल्या बसल्या आप्पांनी नर्सबाईंना आमच्या घरचा सगळा प्रयोग ऐकवला. त्या म्हणाल्या, "कशी हो वाजवता?" झालं. आप्पांना एवढंच पुरे होतं.

इकडे मला ही मोठी जांभई आली. हात आपोआप उशी शोधायला लागला. मी दातांवर दात दाबून बसले. मनात म्हटलं, आप्पा, आता पुरे. तर दुसरी झाली. पापण्यांवर कुणीतरी रेतीची पोती ठेवावीत तसं झालं. आणि मला आठवलं की हा माणूस छप्पर कोसळलं तरी तिसरी दिल्याशिवाय राहायचा नाही. छत्र्या, डबे, एका पायातले बूट, सगळं माझ्या डोळ्यांपुढे नाचलं.

"नका हो आप्पा," मी पुटपुटले.

तिसरी झाली. खणखणीत.

मग बाहेर एकदम सामसूम. आणि त्या सामसुमीत धप्प असं काहीतरी बाकावर कलंडलं. लगोलग एक घोरणं सुरू झालं, ते आप्पांचं. त्याला दुसऱ्याने साथ धरली, तो माझा नवरा. मध्येच बारीक शिट्टी, ती चिमणी. अहो, भरदिवसा, सरकारी बाकावर! माझ्या पोटातून हसू उसळलं. मी ओठ दाबले, खुर्चीचे हात आवळले, तरी डोक्यावरच्या वायरी गदगदा हलायला लागल्या. डोळ्यांतून पाणी आलं. झोप कुठल्या कुठे पळाली.

डॉक्टरीणबाई आत आल्या. मी म्हटलं, "हसले. चुकलं. पण झोपले नाही."

"हसायचं नाही असा नियमच नाही," त्या वायरी काढत म्हणाल्या. "आणि घंटेच्या आधीसुद्धा तुम्ही लख्ख जाग्या होतात, यंत्रात दिसतंय. रात्री पोटभर झोपलेलं माणूस असंच असतं. जा, गाडी तुमची."

मी धावत बाहेर आले. सांगायला कोणी जागं असेल तर ना! आप्पांची मान मागे टेकलेली, घंटा मांडीवर. नवऱ्याचं डोकं आप्पांच्या खांद्यावर, चिमणी नवऱ्याच्या कुशीत. नर्सबाईंनीही टेबलावर डोकं टेकलं होतं, आदली रात्रपाळी करून आल्या असाव्यात. माझ्या एका खुर्चीसाठी या तिघांनी चहा सोडला होता, मोबाइल सोडले होते, सुट्टीचं लोळणं सोडलं होतं. मला फार प्रेम आलं त्यांचं. आजवर मी यांना असं झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं, कारण घरी ते झोपत ते अंधारात, आणि तिसऱ्या घंटेला मीही त्यांच्याबरोबरच डाराडूर.

मग पुढे झाले, आप्पांच्या खांद्याला अलगद हात लावला आणि पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं म्हटलं,

"उठा हं आप्पा, शेवटचा स्टॉप आला."