वळायला जागा

अर्व्हिड लाहतीचा ट्रेलर फिरता आहे, असं फक्त त्याच्या कागदांत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो एकदा सुपीरियर सरोवराच्या काठच्या कॅम्पात आला, पाण्यासमोरच्या जागेवर टेकला, आणि त्यानंतर कॅम्पातली पाइनची झाडंसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त हलली.

यात ट्रेलरचा दोष नव्हता. अर्व्हिड खाणीतून निवृत्त झालेला माणूस, आणि त्याच्या हाताला स्वस्थ बसायची सवय नव्हती. पहिल्या वर्षी त्याने गळू नये म्हणून छताच्या सांध्यांत चिकटा भरला. चिकट्यावर बर्फ साचू नये म्हणून वर उतरतं पत्र्याचं छप्पर केलं. छप्पर म्हटल्यावर खांब आले. खांब रिकामे कसे ठेवायचे, म्हणून त्यांच्यामध्ये लाकडी ओटा झाला. ओट्यावरून कुणी पडू नये म्हणून कठडा. कठड्याला टेकून बाक. बाकाखाली बुटांचे कप्पे. दर वसंतात पाणसळ लावून तो ट्रेलर सपाट करायचा आणि जमीन खचली असेल तिकडे एक ठोकळा सरकवायचा. असं करता करता ट्रेलर चाकांवरून कधी उचलला गेला ते त्याच्याही ध्यानात आलं नाही. मग लोंबकळणारी चाकं बिनकामाची दिसायला लागली. बिनकामाची वस्तू अर्व्हिडला बघवत नसे, म्हणून ती त्याने काढून टाकली.

त्याच्या बायकोचं, एल्माचं, एकच मागणं होतं. तिला या ट्रेलरमधून समुद्र बघायला जायचं होतं. स्वतःच्या कपात कॉफी, स्वतःच्या उशीवर डोकं आणि खिडकीबाहेर खारं पाणी, एवढंच. दर वर्षी बर्फ वितळला की ती विचारायची, "या वर्षी जायचं का कुठं, जमलं तर?"

"जाऊ की," अर्व्हिड म्हणायचा. "एवढं न्हाणीघराचं दार नीट बसू दे."

"समुद्र राहिलाय बघायचा."

"मग हे समोर काय आहे?"

"सरोवर."

"पलीकडचा काठ दिसतो का?"

"नाही."

"मग?" असं म्हणून तो ड्रिल उचलायचा. तिकडच्या फिनलंडहून आलेल्यांच्या घरांतून एवढं बोलणं म्हणजे कडाक्याचं भांडणच. त्यानंतर उरलेला उन्हाळा दोघं हवामानावर बोलत.

त्या वर्षी मे महिन्यात कॅम्पावर नवीन मॅनेजर आली. डेल्फीन तिचं नाव. तिने सगळ्या जागांवरून एक चक्कर मारली, अर्व्हिडच्या ओट्यावर बसून वेलदोड्याच्या पावाचे दोन तुकडे खाल्ले, पावाची तारीफ केली आणि दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लावली. हा कॅम्प फिरत्या ट्रेलरांसाठी आहे. येत्या शनिवारी प्रत्येकाने आपला ट्रेलर स्वतःच्या चाकांवर जागेबाहेर रस्त्यावर आणावा आणि परत आत लावून दाखवावा. दुपारी ऑफिस बंद व्हायच्या आत जो परत लागणार नाही, त्याची जागा प्रतीक्षेतल्यांना मिळेल.

"माझा पाव खाऊन!" अर्व्हिड फलकासमोर म्हणाला.

"पाव मी केला होता," एल्मा म्हणाली. तिने नोटीस दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने ओढणीसारखा स्कार्फ पुढे ओढून झाकलं.

अर्व्हिड ऑफिसात गेला. "बाई, तत्त्वतः माझा ट्रेलर चालतो."

"तत्त्वाला चाकं असतात का, मिस्टर लाहती?"

"चाकं आहेत. कॅम्पातच आहेत."

हे खरं होतं. दोन चाकं शेजारच्या हार्लन क्विस्टच्या सरपणाच्या गाड्याखाली होती. एक चाक एल्माने पांढरं रंगवून त्यात पेटुनिया लावले होते. चौथं सापडेना, शेवटी ते खालच्या धक्क्यावर होड्या आपटू नयेत म्हणून दोरीने टांगलेलं निघालं.

क्विस्ट गाडा द्यायला तयार होता, पण फुकट बोलायची संधी सोडायला तयार नव्हता. "लाहती, तुझा ओटा तर ट्रेलरला धरून नाहीच. ट्रेलरच ओट्याला धरून आहे. सोडवलास तर बसेल मटकन."

"तुझा तर बघ आधी. तुझ्या तर भिंतीतून धुराडं काढलंयस."

"माझा शनिवारी दुपारी आहे. तू सकाळी. तुझं काय होतं ते बघून मग मी आजारी पडायचं का ते ठरवीन."

आठवडाभर अर्व्हिडने स्वतःच्या हाताने केलेलं स्वतःच्या हाताने उकललं. प्रत्येक स्क्रू काढताना त्याला तो कधी बसवला ते आठवायचं आणि तेही तो मोठ्याने सांगायचा. एल्मा "हं, हं" करत स्क्रू डब्यात टाकायची. नवे टायर आणले, ब्रेकची आणि दिव्यांची वायर नव्याने ओढली. शुक्रवारी ट्रेलर चाकांवर उतरला तेव्हा छपरापासून सुटलेला तो इतका लहान दिसला की अर्व्हिडने टोपी काढली. एल्मा मात्र त्याच्याकडे नव्या दुकानाकडे बघावं तशी बघत होती.

शनिवारी सकाळी सगळा कॅम्प घडीच्या खुर्च्या घेऊन हजर झाला. कुणी थर्मास आणले, कुणी खिमा भरलेल्या पेस्टी. रस्त्यावर डेल्फीन शिट्टी घेऊन उभी.

अर्व्हिड पिकअपमध्ये बसला. ट्रेलर कुरकुरला, डावीकडे झुकला, विचारात पडल्यासारखा थांबला आणि चक्क बाहेर आला. टाळ्या पडल्या. अर्व्हिडने खिडकीतून हात बाहेर काढून त्या स्वीकारल्या.

"छान," डेल्फीन म्हणाली. "आता मागे घ्या."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अर्व्हिडने ट्रेलर आणला तेव्हा कॅम्पात मागची रांग नव्हती. तो मागच्या बाजूने सरळ आत शिरला होता. मागे घ्यायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. पण 'ट्रेलर रिव्हर्स घ्यावा तर मी, सुईत दोरा ओवावा तसा,' हे तो एवढी वर्षं दर शेकोटीला सांगत आला होता. ऐकणारे सगळे आज खुर्च्यांवर होते.

एल्मा मागे उभी राहिली.

"डावीकडे!" ती ओरडली.

"माझी डावी का तुझी?"

"ट्रेलरची!"

पिकअप डावीकडे वळली आणि ट्रेलर, जणू त्याला कुणीतरी फितवलं होतं, उजवीकडे निघाला. उजवीकडे क्विस्टचा जाळीचा व्हरांडा होता.

"अरे, माझा व्हरांडा! लाहती! दोरा ओवतोस का भोसकतोस?"

दुसऱ्या खेपेला ट्रेलर खताच्या पेटीवर गेला. दुपार होत आली तेव्हा, तिसऱ्या खेपेला, तो रस्त्यावर असा आडवा झाला की येण्याजाण्याची वाट दोन्हीकडून बंद. अर्व्हिड घाम पुसत उतरला. "कुणाला हात साफ करायचा असेल तर करा. माझी मान अवघडलीय."

तेव्हा कळलं की कॅम्पातल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या माना अवघडलेल्या आहेत. एकाचा चष्मा घरी राहिला होता. क्विस्ट म्हणाला, "येतं मला, पण दुसऱ्याच्या ट्रेलरला मी हात लावत नाही. संस्कार." खरं तर त्याचाही विकणाऱ्याच्या माणसाने आणून लावला होता. डेल्फीनला विचारलं तर ती म्हणाली, "विम्यात बसत नाही."

"एल्मा घेईल," कुणीतरी म्हणालं. "तिने शाळेची बस चालवलीय जन्मभर."

"बस मागे घ्यायची नसते," एल्मा म्हणाली. "पोरं असतात मागे. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पुढे जा, वळायला जागा शोध, पण रिव्हर्सला हात लावू नको. मी कधी लावला नाही."

डेल्फीनने घड्याळ बघितलं. "मग असं करा. गेटबाहेर जा, कुठेतरी वळा आणि वरच्या बाजूने या. तिकडून जागा ड्रायव्हरच्या बाजूला येते, मागे घेणं सोपं जातं. ऑफिस बंद व्हायच्या आत आलात की झालं."

एल्मा पिकअपमध्ये बसली. तिने आडवा ट्रेलर पुढेच घेत दोन झोक्यांत सरळ केला, तेव्हा खुर्च्यांवरचं बोलणं थांबलं. अर्व्हिड शेजारी चढला आणि दोघं गेटबाहेर पडली.

"वळण मोठं घे," अर्व्हिड म्हणाला.

"बरं."

"तो पेट्रोल पंप आला. तिथे वळेल."

"पंप दोन्ही बाजूंनी गाड्यांनी भरलाय."

पंप गेला. पुढे चर्च आलं.

"चर्चचं आवार मोठं आहे."

"आज लग्न आहे तिथे. मांडवात घालू का ट्रेलर?"

चर्चही गेलं. मग शाळा आली. अर्व्हिड सावरून बसला. शाळेचं गोल आवार रिकामं होतं, आणि त्या आवारात एल्माने रोज सकाळ-संध्याकाळ बस वळवली होती. डोळे बांधून वळवली असती. तिने आवाराकडे बघितलं, आरशात बघितलं, आणि शाळा मागे पडली.

"एल्मा."

"मध्ये नवा खांब घातलाय त्यांनी."

"मला नाही दिसला."

"बारीक आहे."

अर्व्हिडने मान वळवून मागे पडणारी शाळा बघितली. तो हवामानावरसुद्धा बोलला नाही, यावरून एल्माला कळलं की त्याला कळलंय. रस्ता पूर्वेकडे सरळ जात राहिला. मागे ट्रेलर शहाण्यासारखा येत होता. आरशात तो दिसला की एल्माचं पाऊल अ‍ॅक्सिलरेटरवर थोडं जड व्हायचं. आणि मग तिला तो ओटा, ती पाण्यासमोरची जागा आठवायची आणि पाऊल परत हलकं व्हायचं. जागेसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत होते. ती गेली की गेली. आणि ट्रेलर एकदा परत छपराखाली शिरला की तोही गेला.

शेवटी जिल्ह्याच्या जत्रेचं मैदान आलं. ऑगस्टपर्यंत तिथे चिटपाखरू नसतं. आगगाडी वळेल एवढी जागा. इथे कुठलंच कारण चालण्यासारखं नव्हतं. एल्माने गाडी आत घेतली आणि मधोमध थांबवली.

"इथे वळेल," ती म्हणाली.

"वळेल."

"अर्व्हिड, मला समुद्र बघायचाय. मला हे परत तिथे नेऊन उभं नाही करायचं."

अर्व्हिडने समोरच्या काचेवरचा किडा बघितला. "मग सांगायचंस."

"वीसएक वर्षं सांगतेय!"

"तू म्हणायचीस 'जमलं तर'. जमलं तर म्हणजे आपल्याकडे नको असंच ना? तुझी आई मला जेवायला 'जमलं तर ये' म्हणायची."

"तिला तू नकोच होतास. मला समुद्र हवा होता."

"पहिल्या दिवशी ट्रेलरात चढलीस आणि म्हणालीस, पायरी उंच आहे. मग म्हणालीस, अंधार वाटतो. मला वाटलं, हिला आवडला नाही. हिला आवडेल असा झाला की निघू." त्याने मागे ट्रेलरकडे मान वळवली. "अजून न्हाणीघराचं दार नीट बसत नाही."

"मरू दे ते दार."

तो उतरला. एल्मा आरशातून बघत राहिली. त्याने जोड हलवून बघितला, चारही टायरांना लाथ घातली, वाकून खाली डोकावला. मागे गेला आणि तिथेच राहिला. त्याला कसलीच घाई नव्हती, तिला मात्र एकेक मिनिट मोठं वाटत होतं. वळायचं म्हणाला तर ती वळणार होती. जागा त्याचीही होती.

तो खिडकीशी आला. "मागचा डावा दिवा लागत नाही. बल्ब गेलाय. अंधार पडायच्या आत घ्यायला हवा. पुढच्या गावात हार्डवेअरचं दुकान आहे."

"मागच्या गावातही आहे," एल्मा म्हणाली. खोटं बोलायचा तिचा दिवसभराचा वाटा संपला होता.

"त्याच्याकडे हा बल्ब नसतो," अर्व्हिड म्हणाला आणि दुसऱ्या बाजूने चढून बसला.

तेवढ्यात फोन वाजला. डेल्फीन होती. "मिस्टर लाहती, मी कुलूप लावतेय. कुठे आहात?"

"वळायला जागा मिळेना, बाई. द्या कुणाला द्यायची ती जागा."

पलीकडे गलका झाला आणि त्यातून क्विस्टचा आवाज आला. "विचार त्याला, बाक नेऊ का? कप्प्यांसकट!"

"ने," अर्व्हिड म्हणाला.  "पण पाणसळ लावून ठेव. आणि तुझा ट्रेलर आला का बाहेर?"

"मी आजारी आहे!" क्विस्ट ओरडला आणि फोन बंद झाला.

एल्माने मैदानात एक मोठा गोल घेतला, नुसता हौसेखातर, आणि फाटकातून बाहेर पडून पूर्वेचा रस्ता धरला. थोडं पुढे गेल्यावर रस्त्यात खड्डा आला आणि मागे ट्रेलरात काहीतरी धाडकन आपटलं. मग गडगडत कुठल्या तरी कोपऱ्यात जाऊन थांबलं.

एल्माने ब्रेकवर पाय ठेवला. "थांबू?"

अर्व्हिडचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला होता. त्याने तो परत मांडीवर ठेवला.

"चल तू. मुक्कामावर बघू."

मग तो बराच वेळ मागच्या आवाजाकडे कान देऊन बसला.