कडेच्या हिरव्या बांगड्या
मित्रांनो, असा धक्का मी जन्मात खाल्ला नव्हता! दोनदा टेबलावरून आपटले, वरातीच्या धुळीत माखले, पण यंदा जे झालं त्यानं माझी काच आतून हादरली. मी कॅमेऱ्याची एक जुनी फिशआय लेन्स. डोळे वटारल्यासारखी माझी काच बाहेर आलेली, म्हणून पोरं मला बघून हसतात.

नळदुर्गच्या महांतेशनं मला त्याच्या फोटो स्टुडिओत आणलं त्याला आता नऊ वर्षं झाली. एवढ्याशा खोलीत पंचवीस बायका बसलेल्या असू देत, मी सगळ्यांना एका फोटोत घेते. त्याचं लई कौतुक व्हायचं. पण खोटं कशाला बोलू? माझ्यात एक खोड आहे. फोटोच्या कडेला लाल, हिरवा, निळा हे रंग मला एकाच जागी पाडता येत नाहीत. मग चमकणाऱ्या वस्तूंच्या काठाला जांभळी-हिरवी झालर येते. महांतेश ती कॉम्प्युटरवर काढतो. रंगांचे थर हळूहळू सरकवून एकमेकांवर बसवायचे आणि उरलीसुरली झालर तेवढी पुसायची. काम वेळखाऊ आहे.

यंदा गावातल्या गायत्रीच्या लग्नात बांगड्या भरायच्या होत्या. तिची आई शिवकांताबाई विधवा, बारा वर्षं मनगटं मोकळी. गायत्री हट्टाला पेटली, "आधी माझ्या आईला भरा, मगच माझा हात धरा." कासारीण जरा थबकली, आणि भरल्या की हो तिनं! दोन्ही हातांत हिरव्यागार. घरातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शिवकांताबाई लाजून पार कोपऱ्यात जाऊन बसल्या, म्हणजे माझ्या फोटोच्या अगदी कडेला.

लग्नसराईची घाई होती. महांतेशनं थर बसवायचा कंटाळा केला. सरळ पुसायचा ब्रश घेतला, जांभळा आणि हिरवा दोन्ही रंग निवडले आणि चारही कडांवरून फिरवला. झालर गेली. बांगड्यांचा हिरवा रंगही गेला! मधल्या बायकांच्या बांगड्या हिरव्या आणि एकट्या शिवकांताबाईंच्या राखेसारख्या. ह्या बाबाच्या ते ध्यानातही आलं नाही, अल्बम तसाच छापून गेला.

चार दिवसांनी मायलेकी अल्बम घेऊन स्टुडिओत आल्या. मी टेबलावरच होते. शिवकांताबाईंनी पदराखालून हातही बाहेर काढला नाही, गायत्रीनंच पान उघडलं.

"महांतेशा, कुणी सांगितलं रे तुला हे पुसायला?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"कुणीच न्हाय मावशी!"

"घरातल्या कुणीतरी सांगितलं असंल. मग मला आधी बोलायचं व्हतं. म्या बसलेच नसते फोटोत."

महांतेशचं तोंड पांढरं पडलं. त्यानं घाईघाईनं मूळ फोटो उघडला. पडद्यावर हिरव्या बांगड्या आणि त्यांच्या काठाला माझी जांभळी झालर.

"मावशी, चूक माझी हाय. आईशप्पथ, कुणी सांगितलं न्हाय. आत्ता नीट करून देतो."

मग तो बसला. एकेक थर सरकवत गेला. झालर आवळली, बांगड्या हिरव्याच राहिल्या. शेवटी काठाला जांभळी बारीक रेघ उरली. ती पुसायला त्यानं ब्रश घेतला, तशी शिवकांताबाईंनी झटकन त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. आता काईच पुसू नको."

आणि अरे देवा! त्यांचं मनगट मोकळं होतं. अल्बम बघून त्यांनी सगळ्या बांगड्या उतरवून ठेवल्या होत्या.

गायत्रीलाही ते आत्ताच दिसलं. "आई, चल कासाराकडं," ती रडत म्हणाली.

"बघू," शिवकांताबाई म्हणाल्या आणि पदर ओढून घेतला.

मित्रांनो, मला मऊ फडक्यानं पुसा, धुळीत ठेवू नका, माझा दोषही जरूर काढा. पण घाई करू नका हो, कडेला कोण बसलंय ते आधी बघा. फोटो त्या दिवशी अर्ध्या तासात दुरुस्त झाला. शिवकांताबाई मात्र तशाच मोकळ्या हातांनी घरी गेल्या.