शास्त्रशुद्ध अंधार

१९७९ साली सातपूरच्या आमच्या कारखान्यात उजेड आला. त्याआधी तिथं फक्त वीज होती.

आमचे मॅनेजर साहेब मुंबईला कसल्याशा परिसंवादाला जाऊन आले आणि येताच त्यांनी भट्टीखात्याच्या छपराचे चौदा पत्रे उतरवून तिथं फायबरचे पारदर्शक पत्रे बसवले. उद्घाटन झालं. "अंधारात काम करणाऱ्याची कार्यक्षमता अंधारातच राहते," असं साहेब म्हणाले. अर्थ कुणाला लागला नाही, पण पेढे दिसत होते, म्हणून टाळ्या झाल्या.

त्याच महिन्यात नवं पोलादही आलं. इंजिनाच्या व्हाल्व्हसाठी आम्ही साध्या पोलादाच्या कांड्या लाल करून घणाखाली ठोकत असू. आता गिऱ्हाइकाला निकेल आणि क्रोमियम घातलेलं भारी पोलाद हवं होतं. ते आलं, तापलं, ठोकलं आणि तडकलं. शंभर जॉबमागे तीस जॉबांना भेगा.

चौकशी समिती नेमली गेली. साहेब, स्टोअरकीपर आणि मी. मी पुण्याहून धातुशास्त्र शिकून आलेला, म्हणून माझ्याकडे चहा सांगण्याचं काम होतं. चहा येईपर्यंत निष्कर्ष निघालासुद्धा : गोटीरामची नजर गेली.

गोटीराम आमचा भट्टीवाला. मखमलाबादचा, वय पन्नाशीच्या आसपास, घरी झेंडूची शेती. कांडी तापली की नाही हे तो रंगावरून सांगायचा, आणि त्याची तापमानं मळ्यातली होती. नऊशे अंश म्हणजे गाजर, हजार म्हणजे संत्रं, अकराशे म्हणजे पिकला आंबा, बाराशे म्हणजे हरभऱ्याची डाळ. तापमान बघायचं दुर्बिणीसारखं एक यंत्र कारखान्यात होतं, पण ते फार किमती असल्यामुळे वापरून खराब होऊ नये म्हणून साहेबांच्या कपाटात असे.

"सोमवारपासून तुम्ही बागेत," साहेबांनी गोटीरामला बोलावून सांगितलं. "गेटजवळ कारंजं करतोय. तुमच्या घरचाच धंदा आहे. आराम करा."

गोटीराम माझ्याकडे आला. "साहेब, घरी झेंडू, हितंबी झेंडू? मंग मी घराबाहेर पडलो कशाला? चौदा वर्सं भट्टी बघतोय. आन आमची मंडळी, कलाबाई, काय म्हणंल? पोरीच्या सासरचे इचारतील, व्याही काय करतो, तर पाणी घालतो!"

"डोळे तपासलेत?"

"कंपनीच्याच डाक्टरानं तपासले. चांगले हाय म्हनला. तर मॅनेजर म्हनतात, डाक्टरचे तपासा."

तो बुधवार होता. मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, नवं पोलाद कोणत्या तापमानाला कसं वागतं हे आपण पाहिलेलंच नाही. ते पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला लेखी काय कळवणार? 'लेखी' हा शब्द ऐकून साहेबांनी कपाटाची किल्ली दिली.

प्रयोगशाळा म्हणजे जुनी भंगाराची खोली. खिडकी नाही, दार एक, ते भट्टीखात्यात उघडणारं. तिथं एक छोटी विजेची भट्टी आणि हाताचा प्रेस होता. नव्या पोलादाचे अंगठ्याएवढे गुटके कापून घेतले. पद्धत सोपी : गुटका ठरलेल्या तापमानाला तापवायचा, प्रेसखाली दाबून एक तृतीयांश उंचीचा करायचा आणि फुगलेल्या पोटावर भेग शोधायची. प्रेसवर घणवाला पुंजा होता. चिमट्यावर मी गोटीरामलाच घेतला, कारण सोमवारपर्यंत तो अधिकृतपणे भट्टीवालाच होता.

नऊशेला गुटका दबेचना. पुंजा प्रेसच्या दांड्याला लोंबकळला आणि म्हणाला, "हा आमच्या सासऱ्यावर गेलाय."

साडेनऊशेला मऊ झाला. हजारला, अकराशेला लोण्यासारखा. साडेअकराशेपर्यंत पोट गुळगुळीत. बाराशेला मात्र पोटाला चारी बाजूंनी भेगा पडल्या.

"जुनं पोलाद बाराशेला गपगुमान बसायचं," पुंजा म्हणाला.

"जुनं गरीब होतं," मी म्हणालो. "हे मोठ्या घरचं."

म्हणजे कांडी आंब्यावर काढायची, डाळ होऊ द्यायची नाही. पण गोटीराम छातीवर हात ठेवून सांगत होता की तो आंब्यावरच काढतो. मी यंत्र डोळ्याला लावलं आणि एकेक गुटका बाहेर काढून त्याला विचारत गेलो. त्याने संत्रं म्हटलं, यंत्रात एक हजार दहा. आंबा म्हटलं, अकराशे पाच. डॉक्टर बरोबर होता.

"मग तीस जॉब तडकतात कसे?" मी विचारलं.

गोटीरामला या प्रश्नाचा राग आला. हातात चिमट्यात गुटका, तसाच तो तरातरा बाहेर निघाला, बहुधा थेट साहेबांना दाखवायला. दारात ऊन होतं. उंबऱ्यावर तो थबकला.

"आरं! इझला की!"

आंब्याचं गाजर झालं होतं. तो एक पाऊल मागे आला. पुन्हा आंबा. पुढे गेला, गाजर. मागे, आंबा. बाहेर घणाजवळच्या चारपाच जणांनी काम थांबवलं आणि ते हा नाच पाहू लागले.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "उन्हात मी गाजर बघून अजून तापवतोय, आंबा व्हायची वाट बघत. म्हंजे खरी डाळच होतीय."

मी वर पाहिलं. चौदा पत्र्यांमधून स्वच्छ, परिसंवादाहून आणलेला उजेड भट्टीच्या तोंडावर पडत होता.

आता प्रश्न धातुशास्त्राचा उरला नव्हता. पत्रे साहेबांचे होते. गोटीरामची नजर नीट आहे म्हणावं, तर साहेबांची नीट नव्हती असा अर्थ निघाला असता आणि बागेत आम्ही दोघेही गेलो असतो. मी दोन दिवस अहवाल लिहिला. त्यात प्रत्येक गुटक्याचं तापमान आणि पोटाची अवस्था खरी लिहिली, आणि शेवटी : 'सदर उच्च दर्जाच्या पोलादाचं मूल्यमापन नियंत्रित प्रकाशातच करणं शास्त्राला धरून आहे. नैसर्गिक प्रकाशाची कारखान्यात भरपूर सोय झाल्यामुळे तो नियंत्रित करणं आता प्रथमच शक्य झालं आहे.'

साहेबांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

"म्हणजे माझ्या योजनेचा दुसरा टप्पा."

"तसंच म्हणायला हवं, सर."

"आणि त्या गोटीरामचं?"

"दुसऱ्या टप्प्याला अनुभवी माणूस लागेल, सर."

शनिवारी भट्टीभोवती कांद्याच्या गोणपाटांचा मांडव उभा राहिला. पडद्यासारखी गोणपाटं सोडताना पुंजाने शिट्टी मारली. साहेबांनी फीत कापली आणि ते 'शास्त्रशुद्ध अंधार' या विषयावर सात मिनिटं बोलले. पेढे पुन्हा आले.

सोमवारी गोटीराम भट्टीसमोर उभा राहिला. चाळीस कांड्या काढल्या, पुंजाने चाळीस ठोकल्या. मी भिंग घेऊन प्रत्येकीचं पोट तपासलं. एकीलाही भेग नव्हती.

एक्केचाळिसावी चिमट्यात धरून गोटीरामने मला खूण केली. "लावा तुमचं यंत्र."

मी लावलं. "अकराशे दहा."

त्याने कांडीकडे पाहिलं, मग यंत्राकडे, आणि समाधानाने मान हलवली.

"बरोबर हाय त्याचं," तो म्हणाला. "राहू द्या कामावर."