तेविसावं कार्ड

सव्वीस जानेवारीला कोल्हापुरात माणसं आधी झेंड्याला सलाम करतात आणि मग जिलेबीच्या रांगेत उभी राहतात. नेमक्या त्याच दिवशी जन्मायचा आगाऊपणा माझ्या मैत्रिणीनं केला. हुस्ना तिचं नाव. गडमुडशिंगीत आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच. ती एसटीत कंडक्टर आहे आणि मी लग्नपत्रिकांच्या छापखान्यात. चौथीपासून दर वर्षी मी तिला हातानं कार्ड करून दिलं, एकूण बावीस. प्रत्येकावर तिरंगा आणि आत वळणदार अक्षरात 'प्रजासत्ताक दिनाच्या व वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. मला वाटायचं, काय झकास जमलंय!

गेल्या वर्षी कार्ड हातात घेऊन ती म्हणाली, "पूर्णिमा, ही समदी कार्डं मी ट्रंकेत का ठेवल्यात, ठावं हाय? झेंडा कचऱ्यात टाकता येत न्हाय, म्हणून."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग न्हाय करत, जा!" म्हणून मी तरातरा निघून आले. त्यानंतर वर्षभर आम्ही बोललो नाही. भिंत एक असताना अबोला धरणं म्हणजे शिक्षाच. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत मी जेवायची.

यंदा जानेवारी लागला तसं मला राहवेना. कात्री घेऊन बसले, तर हात सवयीनं केशरी कागदाकडेच गेला. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. चौथीत झेंडावंदन संपलं तरी हुस्ना रांगेतून हलली नव्हती. गुरुजी माइकवरून आपला वाढदिवस सांगतील, असं तिला वाटलं होतं. गुरुजींनी घोषणा दिल्या आणि शाळा सोडली. ती ढसाढसा रडली, म्हणून तर मी पहिलं कार्ड केलं होतं. आणि त्यावर काय काढलं? झेंडा. माझ्यासारखी शहाणी मीच.

सव्वीसला तिची ड्यूटी होती. घरी जिलेबीचे पुडे यायला लागतात, म्हणून ती त्या दिवशी मुद्दाम काम मागून घेते. मी सकाळीच स्टँडवर जाऊन तिच्या गगनबावड्याच्या गाडीत बसले. पिशवीत कार्ड होतं. तिनं ते घेतलं नाही तर पुन्हा कुठल्या तोंडानं तिच्या दारात जाणार होते?

हुस्ना मशीन घेऊन माझ्यापर्यंत आली. वर न बघता म्हणाली, "बोला पावणं, कुठं?"

पावणं! अनोळखी माणसाला म्हणावं तसं. मी कार्ड पुढं केलं.

वर लाल गाडी काढली होती. तिचं कागदी दार उघडलं की आत खाकी कपड्यातली हुस्ना, आणि खाली फक्त एवढंच: 'सर्वांनी इकडे लक्ष द्या. आज हुस्ना निसार मुजावर हिचा वाढदिवस आहे.'

तिनं ते वाचलं. परत वाचलं.

"नाक केवढं काढलंयस!"

"हायच की तेवढं."

ती हसली नाही. कार्ड खिशात घालून पुढच्या सीटकडं गेली. संपलं, असं मला वाटलं, आणि डोळे भरून आले.

पुढं आकाराम नावाचे एक म्हातारे बसले होते, मांडीवर पुडा. "घ्या बाई, सव्वीस जानेवारीची जिलेबी."

"सव्वीस जानेवारीची नगो, आजोबा," हुस्ना अख्ख्या गाडीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "आज माझा वाढदिवस हाय. त्याची म्हणून देत असला तर घीन."

"आँ? आज व्हय? मग दोन घ्या की!"

गाडीत हशा पिकला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिनं एक जिलेबी उभ्या उभ्या खाल्ली आणि दुसरी घेऊन माझ्याकडं आली.

"धर. राग अजून निम्मा हाय," नाक पुसत ती म्हणाली. "आणि आता नीट सांग, पूर्णे, कुठलं तिकीट फाडू?"