माझ्या पोटातला मोरचूद

मी काचेची पेटी बोलतेय. डहाणूच्या एका चिकूवाडीत, देवेशच्या घराच्या ओटीवर उभी आहे. गोड बोलेन अशी आशा असेल तर आत्ताच पुढे व्हा.

ह्या देवेशने वाडीत खोल्या बांधल्यात आणि तो त्या वापी-सुरतच्या पाहुण्यांना भाड्याने देतो. पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून त्याने मला आणलं. माशांवर त्याचा जीव बिव काही नव्हता. जीव होता त्याच्या बायकोचा, नूतनचा.

माझ्यात खारं पाणी, वाळू, दगड, केशरी पट्ट्यांचे दोन मासे आणि दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल. म्हणायचं फूल, पण तो जीवच. मऊ मऊ बोटं हलवायचा आणि मासे त्या बोटांत शिरून निजायचे. नूतन सकाळी चहा घेऊन माझ्यापुढे बसायची आणि फुलाला विचारायची, "उठलीस का गं बये? झोप लागली ना?" त्या घरात तिला असं कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

दुकानदाराने बजावलं होतं, पाकिटातलं मीठ गाळलेल्या पाण्यात कालवायचं आणि तेच घालायचं. देवेश हसला. "समुद्र दारात असताना मीठ विकत आणू? लोक वेडा म्हणतील मला."

टेम्पोत निळं पिंप टाकून गेला किनाऱ्यावर. पिंप कुठलं? चिकूच्या झाडांचं खत कालवायचं तेच! विसळलं म्हणे. कसलं विसळलं! लोटाभर पाणी फिरवून ओतून दिलं. खताचा थर तळाला तसाच. तेच पाणी माझ्यात ओतलं. वर पाहुणे खाकऱ्याचा चुरा टाकायचे ते वेगळंच.

मग काय व्हायचं ते झालं. आधी वाळूवर लालसर डाग आले. मग दगडावर, मग काचेवर बुळबुळीत लाल साय धरली. तिच्यात बुडबुडे, आणि वास तर असा की देवेशची आई आनंदीबाई नाकाला पदर लावूनच ओटी ओलांडायची. "घरात डबकं नको म्हणत होते मी. ऐकतंय कोण? सडक्या बोंबलाचा वास येतोय नुसता."

नूतनने दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, हे शेवाळ नाही, जिवाणूंचा थर आहे. त्याला खाऊ घालू नका, उजेड दाखवू नका. थर नळीने ओढून काढा, मिठाचं पाणी बदला, पाणी खेळतं ठेवा. आणि तांबं असलेलं कुठलंही औषध नको. फूल मरेल."

तिने सगळं केलं. नळी तोंडाने ओढताना ती लाल घाण तिच्याच तोंडात गेली. थू थू करत मोरीकडे पळाली, आणि आनंदीबाई काय हसली! "आता तुलाच जुलाब होतील बघ." नूतनने चूळ भरली, परत आली आणि परत नळी धरली. मग मला गोधडीने झाकलं.

देवेशला गोधडी खुपली. "शनिवारी पाहुणे येतायत, आणि ओटीवर हे मढं झाकून ठेवलंयस? बुरशी आहे ती. चिकूवर येते तशी. मोरचूद मारला की साफ."

"अहो, झाड आहे का ते? मोरचुदात तांबं असतं. फूल जाईल माझं."

"तू मला मोरचूद शिकवणार? बापजाद्यांपासून फवारतोय आम्ही."

"झाडावर फवारता ना? मग झाडावरच फवारा. हिला हात लावायचा नाही."

शनिवारी नूतन वेवजीला माहेरी गेली. भावाच्या मुलीची हळद होती. तिची पाठ वळली आणि ह्याने गोधडी ओढली. अरे मेल्या, बघ तरी! थर फाटला होता. खालची पांढरी वाळू दिसायला लागली होती. पण बघायला डोळे लागतात. ह्याने मगात निळे खडे विरघळवले आणि ओतले.

फुलाने बोटं आवळली. तोंड मिटलं. संध्याकाळपर्यंत दगडावरची पकड सुटली आणि भिजक्या चिंधीसारखं ते वाळूत पडलं. मासे कोपऱ्यात धापा टाकत होते.

हातापायाला हळद तशीच, नूतन परत आली. ओटीवर पाहुणे जमलेले. तिने मासे बादलीत, तिच्या मिठाच्या पाण्यात सोडले. मग फूल तळहातावर उचललं.

ह्याला काय झालं, म्हणून एका पाहुणीने विचारलं, "भाभी, आने शुं थयुं?"

देवेश घाईने म्हणाला, "बीमार था, बेन."

"बीमार नव्हतं," नूतन म्हणाली. "बरं होत आलं होतं. ह्यांनी मोरचूद ओतला."

"अगं, पाहुण्यांसमोर?" आनंदीबाई कुजबुजली.

"पाहुण्यांसाठीच ओतलाय ना? मग पाहुण्यांसमोरच सांगते."

मासे दुकानात परत गेले. मोरचूद माझ्या सांध्यांत मुरलाय, आता माझ्यात असला मऊ जीव जगायचा नाही. देवेशने माझ्यात चिकू चिप्सची पाकिटं रचलीत आणि वरचा निळा दिवा चालू ठेवलाय. लाज नाही. मला भंगारात घालायलाही निघाला होता, पण नूतन आडवी आली. "ती इथेच राहील," म्हणाली.

कोणीतरी विचारतंच, पेटीत मासे का नाहीत. मग नूतन हातातलं काम टाकून येते आणि पहिल्यापासून सांगते. पिंप, खत, मोरचूद, काही गाळत नाही. देवेश खोल्यांच्या किल्ल्या चाळवत उभा राहतो. तेवढ्यासाठी मी फुटत नाही.

तुम्ही इकडे आलात तर चिप्स घ्या, नका घेऊ. पण माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारा, इथे काय होतं म्हणून. देवेश शेजारी उभा असतानाच विचारा.