बाहीवरची रेघ

बटण. आधी नुसतं बटणच दिसलं – पडद्याएवढं, काळं, शिंगाचं, चार भोकांचं. आणि दोरा... दोरा दोन समांतर ओळींत घातलेला, फुलीचा नाही; बटणाखाली त्याच दोऱ्याचा देठ, गुंडाळून गुंडाळून कडक केलेला. म्हणजे मशीनचं काम नाही, हाताचं. बरोबर. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या कोटाला असंच बटण हवं. टाचणी खुर्चीत इतका पुढे सरकला, की पुढच्या माणसाच्या टकलावर त्याचा श्वास गेला असावा. टकलाने एकदा वळून पाहिलं.

टाचणी म्हणजे चौकातल्या कोपऱ्यावरचा टेलर. घरच्यांनी ठेवलेलं नाव वेगळं, हे बाजाराने ठेवलेलं. दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलतो म्हणून, आणि बोललेलं टोचतं म्हणूनही. गेली तीस वर्षं त्याचा एकच षौक – जुन्या काळावरचे सिनेमे बघायचे आणि त्यातल्या पुरुषांचे कपडे तपासायचे. बायकांच्या कपड्यांवर सगळं जग डोळा ठेवून असतं, तिथे कोणी चुकत नाही. पुरुषांकडे कोण बघतंय, असं समजून लोक बिनधास्त चुकतात... आणि तिथेच तर मजा असते राव! खांद्यात कापूस कोंबलेले सरदार. पॅन्ट कंबरेखाली घसरलेले दिवाण. एकदा तर एक सेनापती नायकाच्या मांडीवर प्राण सोडत होता, सगळं थिएटर मुसमुसत होतं, आणि टाचणी उभा राहून ओरडला होता – "सेनापती, चेन दिसतेय!" चेनचा शोध लागायला अजून अडीचशे वर्षं होती. डोअरकीपरने त्याला मानगुटीला धरून बाहेर काढलं, तेव्हा हा म्हणाला, "कॉलर जरा नीट धर की, इस्त्री मोडेल."

प्रत्येक सिनेमाला तो दहापैकी मार्क देतो, तिकिटाच्या पाठीवर खडूने लिहितो आणि तिकीट बटणांच्या डब्यात टाकतो. आजवर सातच्या वर कोणी गेलेलं नाही.

आज मात्र हात खिशात, आणि खिशात खडू घामाने ओला. कारण पडद्यावरचा कोट लेकीने शिवलाय.

काल दुपारी तिचा फोन आला होता.

"बाबा, उद्या सकाळचा पहिला खेळ बघ. कारकुनाचा कोट माझा आहे. कापलाय मी, शिवलाय मी."

"बरं. जाताना रुमाल नेऊ का कात्री?"

"मस्करी नको ना. ऐक. पुढच्या सिनेमाला बोलावलंय मला. खूप लांब, तीन वर्षांचं काम, अख्ख्या फौजेचे कपडे. उद्या पाचच्या आत हो की नाही ते सांगायचंय."

"मग सांग की."

"तू सांगितल्यावर. इथे सगळे छान छान म्हणतात, त्यांना बाहीचा मुंढा कुठे आणि खिसा कुठे ते कळत नाही. कोट चुकला असेल तर मी नाही म्हणणार आणि आपल्या दुकानात येऊन बसणार. पण खरं सांग हं. आयुष्यात एकदा तरी."

आपल्या दुकानात येऊन बसणार... हे वाक्य काल दुपारपासून त्याच्या डोक्यात मशीनच्या चाकासारखं फिरत होतं. खिडकीपाशी तिचं मशीन आहे, ती सिनेमावाल्यांकडे गेल्यापासून दोन वर्षं झाकलेलं. झाकण त्यानेच शिवलंय, पायपिंग लावून. रोज सकाळी तो ते काढतो, दोन थेंब तेल घालतो, चाक एकदा फिरवून बघतो आणि पुन्हा झाकतो. बायको म्हणते, "तेलात बुडवून माराल त्याला." तो म्हणतो, "गंज चढतो गं." गंज! कसला डोंबलाचा गंज...

आणि तेवढ्यात कारकून वळला.

पाठ दिसली. मानेमागे कॉलर आणि शर्ट यांच्यामध्ये चांगली दोन बोटं फट. खांदे उताराला लागलेले. बाह्या आखूड, मनगटाचं हाड बाहेर. सापडली! मोठ्ठी चूक, आंधळ्यालाही दिसेल अशी! टाचणीच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं – आणि उडालं ते आनंदाने, हे त्याला एका क्षणाने कळलं. चुकली. म्हणजे येणार. सोमवारपर्यंत येईल, मशीनची जागा जरा उजेडाकडे सरकवू, तिच्या डब्यातल्या बॉबिन अजून तशाच... अरे, पण मी बाप आहे का कोण आहे? लेकीचा कोट बिघडला म्हणून नाचणारा बाप! त्याने शेजारी पाहिलं. शेजारी घड्याळजी, त्याचा पंचवीस वर्षांपासूनचा जोडीदार, घड्याळं दुरुस्त करणारा. तो सिनेमात फक्त भिंतीवरची घड्याळं बघतो.

"घड्याळ बरोबर आहे रे," घड्याळजी कुजबुजला. "चावीचं. तुझं काय?"

"गप बस," टाचणी म्हणाला.

पुढे अर्धा तास त्याने गोष्ट काय चाललीय ते पाहिलंच नाही. फटच बघत होता. कारकून चालला की फट चालायची, वाकला की मोठी व्हायची. पण एवढी कशी चुकली ही? कॉलर तर बाराव्या वर्षी शिकली. दुसऱ्या इयत्तेत असताना माझ्या मांडीवर बसून काजं करायची, आणि वाकडं झालं की स्वतःच उसवायची, मी बघायच्या आधी...

मग पडद्यावर जुना काळ आला. अंगण, ऊन, खुर्चीत बसलेला कारकुनाचा बाप. ठेंगणा, भरलेला, मान मागून जाड. बाप उठला, तेव्हा टाचणीच्या तोंडून "आई गं" निघालं.

तोच कोट. तेच शिंगाचं बटण. आणि बापाच्या अंगावर असा बसलेला, की जणू कोट आधी जन्मला आणि बाप नंतर. कॉलर मानेला चिकटलेली, खांद्याची शिवण खांद्यावरच, बाही मनगटाच्या हाडावर येऊन नेमकी थांबलेली. बाप दीड-दोन मिनिटं दिसला असेल नसेल. पोराच्या डोक्यावर हात ठेवला, हसला, आणि गेला. पुढच्या प्रसंगात कोट नुसता खिळ्यावर.

म्हणजे पोरीने कोट मेलेल्या माणसाच्या मापाने कापला होता! दोन मिनिटांच्या माणसासाठी सगळी मेहनत, आणि मग तो उंच, सडपातळ पोराच्या अंगावर चढवला, बसेल तसा. आणि मी इकडे टेप घेऊन चुकीच्या माणसाला मापत बसलोय... तीस वर्षांचा उस्ताद! टाचणीला हसू फुटलं, ते दाबायला त्याने रुमाल तोंडात कोंबला, आणि टकलाने दुसऱ्यांदा वळून पाहिलं.

तरी शोध चालूच होता. खोटं कशाला बोला, तो शोधत होता. अस्तर बघितलं – बरोबर. खिशाची झडप – बरोबर, एक कोपरा हाताने घासून चकचकीत झालेला. मग कारकुनाला बढती मिळाली, आईने दिव्यापाशी बसून कोटाच्या बाह्या उसवल्या, आतलं दाबलेलं कापड सोडलं, लांबी वाढवली. दुसऱ्या दिवशी तो साहेबासमोर कागद ठेवायला हात पुढे करतो...

आणि बाहीवर रेघ.

जुन्या घडीची, पांढरट, झिजलेली रेघ. तिच्या वर उन्हाने विटलेलं कापड, तिच्या खाली दीड बोट गडद, नवं – इतकी वर्षं आत राहिलेलं, ऊन न पाहिलेलं. पडद्यावर क्षणभरच. थिएटरमध्ये कोणी पाहिली नसेल. टाचणीने पाहिली, आणि त्याच्या हातातला खडू मोडला.

शाळेचा स्कर्ट. निळा. एकच कापड, चार वर्षं. तो दर जूनमध्ये खालची घडी एक बोट सोडायचा आणि दर वर्षी एक रेघ उरायची. तिसऱ्या वर्षी लेक रडत घरी आली, पोरी चिडवतात म्हणून. हा ओठांत टाचण्या धरून म्हणाला होता, "वेडी कुठली! त्या रेघा नाहीत, मजले आहेत. तू इमारत आहेस. दर वर्षी एक मजला चढतो. त्यांना सांग, यंदा लिफ्ट बसवतोय." दुसऱ्या दिवशी वर्गातल्या चार पोरी दुकानात हजर – काका, आमच्या स्कर्टलाही मजले काढा.

त्याला वाटलं होतं ती विसरली.

खेळ संपला. बाहेर ऊन होतं. घड्याळजी डोळे पुसत होता, आणि घड्याळांबद्दल एक अक्षर बोलत नव्हता.

"बोल," शेवटी तो म्हणाला, "किती चुका?"

"एकही नाही."

घड्याळजी थांबला, टाचणीच्या तोंडाकडे बघितलं, आणि खो-खो हसत सुटला. "काय हाणलीस! पोटच्या पोरीलासुद्धा सोडत नाहीस! एकही नाही म्हणे..."

"अरे, खरंच नाही."

"हो हो. आणि सेनापतीला चेन नव्हती!"

टाचणी फूटपाथवर उभाच राहिला. फोन काढला. लिहिलं – एकही चूक नाही, दहापैकी दहा. वाचलं. आणि तिचं तोंड डोळ्यासमोर आलं, हे वाचताना एका बाजूला वाकडं होणारं. बाबा, मस्करी नको म्हटलं होतं ना. सातच्या आकड्यापुढे कधी न गेलेला माणूस एकदम दहा म्हणतो, तर लेकीने समजायचं काय? कोट इतका वाईट झालाय, की बापाला खरं बोलवत नाही. म्हणजे नाही म्हणणार. म्हणजे सोमवारी इथे... वा रे पठ्ठ्या! तीस वर्षं थट्टा करून करून तू खरं बोलायची जागाच ठेवली नाहीस. त्याला रडू यायला हवं होतं, पण आलं हसूच, पोटातून, उकळी फुटावी तसं. त्याने लिहिलेलं खोडलं.

चूक हवी. एक तरी. बारीकशी, पण खरी. ती सांगितली की बाकीचं तिला पटेल – बाबाने कोट उलटापालटा करून बघितलाय, त्याला टाका सापडला, आणि तेवढाच सापडला. मग ती हो म्हणेल.

"कुठे चाललास?" घड्याळजी ओरडला. "दुकान उघडायचं नाही?"

"दुसऱ्या खेळाला. तू पण चल. एकाच्या डोळ्यांनी भागणार नाही."

"आता काय बघायचंय?"

"चूक!"

या वेळी पहिली रांग, मान मोडून वर बघावं लागणारी. दिवे मंद झाले. घड्याळाचे काटे कुठे आहेत ते घड्याळजी सांगणारच होता – पाचला अजून वेळ होता. टाचणीने मोडक्या खडूचा मोठा तुकडा बोटांत धरला, तिकीट गुडघ्यावर पालथं ठेवलं. सकाळी इथेच तो चूक शोधत होता, तेव्हा छातीत एक चोर बसला होता. आता तोच शोध, तेच डोळे, पण चोर कुठे उठून गेला कोण जाणे... आत नुसता उजेड पडल्यासारखं झालं होतं, झाकण काढलेल्या मशीनवर सकाळी पडतो तसा.

अंधारात बटण उगवलं. काळं, शिंगाचं, चार भोकांचं. देठ घट्ट, दोरा सरळ.

"सापड गं बाई," तो पुटपुटला. "एवढी एक सापड."

कारकून वळला. मानेमागची फट दोन बोटं – कुठेही कमी नाही, कुठेही जास्त नाही. टाचणीच्या पोटात पुन्हा हसू दाटून आलं, आणि त्याने डोळे आणखी मोठे केले.