घंटीची तार

टेलिफोनच्या तारा ओढण्यात क्लिफर्ड ऑकलीची चाळीस वर्षं गेली होती. त्यामुळे "बिघाड तुमच्या घरातल्याच वायरिंगमध्ये आहे," असं इंटरनेट कंपनीचा माणूस बोलला, तेव्हा म्हातारा खवळलाच. अख्ख्या यॉर्कशरची वायरिंग तपासलेल्या माणसाला हे कालचं पोर शिकवणार?

पण रविवार काही थांबणार नव्हता. दर रविवारी चार वाजता त्याची लेक रोझलिंड कॅनडाहून व्हिडिओ कॉल लावायची. नात इमोजेन सात वर्षांची, जन्मापासून बहिरी. तिच्याशी बोलता यावं म्हणून क्लिफर्ड सत्तरीत चर्चच्या हॉलमध्ये जाऊन हातांची भाषा शिकला होता. आता मात्र चित्र अडायचं, बोटांचा लगदा व्हायचा आणि अर्धं वाक्य गायब. गेल्या रविवारी इमोजेन दोन मिनिटांत उठून गेली.

"बाबा, ती म्हणते आजोबांचे हात तुटके दिसतात," रोझलिंड म्हणाली. "येत्या रविवारी कशीबशी बसवते तिला. त्यापुढचं सांगता येत नाही."

ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

रविवारी सकाळी तो दाराजवळचा टेलिफोनचा डबा उघडून बसला, तेवढ्यात शेजारची ग्लेनिस आली. जन्मभर एक्स्चेंजवर ऑपरेटर होती ती.

"तीन नंबरची नारिंगी तार काढ. इंटरनेटही याच लाइनवरून येतं, आणि त्यात खरखर घालणारा सगळा कचरा तीच गोळा करते."

"घंटीची तार आहे ती, ग्लेनिस. काढली तर आतले जुने फोन बोलतील, पण वाजणार नाहीत."

"मग काय झालं? तुला फोन करतं कोण? मी. आणि मी तर भिंत ठोकते."

क्लिफर्डची नजर मागच्या अंगणाकडे गेली. ग्लेनिसला चटकन उमगलं आणि ती आवाज न करता निघून गेली.

ती तार पार मागच्या काचघरापर्यंत गेली होती, त्याच्या बायकोच्या, एडनाच्या टोमॅटोंपर्यंत. कामावरून सुटला की तो घरी फोन लावायचा आणि दोनदा वाजवून ठेवून द्यायचा. ना पैसा, ना शब्द. दोन घंट्या म्हणजे निघालो, चहाचं आधण ठेव. एडनाला जाऊन तीन वर्षं झाली, तरी काचघरातला फोन त्याने हलवला नव्हता. आणि बिघाड खरंच त्याच्याच वायरिंगमध्ये होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मनाशी म्हणत त्याने तार उपटली.

चार वाजता चित्र आलं ते लख्ख. इमोजेनचा पडलेला दातसुद्धा दिसत होता.

"आजोबा, तुझे हात आले!" ती हातांनी म्हणाली. "काय केलंस?"

त्याने सगळं सांगितलं. तार, काचघर, आजी, दोन घंट्या. घंटीची खूण त्याला येत नव्हती, ती तिनेच शिकवली.

"म्हणजे आता तुझी घंटी वाजत नाही?"

"नाही."

"आमचीपण नाही. आमच्याकडे दिवा लागतो."

ती खुर्चीवरून उतरली, चित्राबाहेर दिव्याच्या बटणाकडे गेली. कॅनडातली ती खोली अंधारली, उजळली. पुन्हा अंधारली, पुन्हा उजळली.

क्लिफर्ड उठला आणि त्याने आधण ठेवलं.